प्रेस क्राऊन ग्रे, काळपट नाहीतर हिरवट येतोय? आधी तो कुठल्या टप्प्यावर बिघडला ते शोधा

प्रेस क्राऊन म्हणजे तापवलेलं सिरॅमिक साच्यात दाबून बनवलेली दाताची टोपी. तो रिंगमधून, म्हणजे त्या साच्यातून, काढला तेव्हा झकास होता, ग्लेझ, म्हणजे वरचा चकाकीचा थर, भाजल्यावर ग्रे पडला. किंवा मॉडेलवर ए२ शेड अगदी बरोबर, आणि तोंडात बसवला की मळकट. किंवा मानेजवळ एक काळा ठिपका, घासून घासून जात नाही. ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत पण बहुतेक लॅबमधे तिन्हींवर एकच औषध काढलं जातं, लॉट खराब आलाय, इन्गॉट, म्हणजे दाबायची सिरॅमिकची वडी, बदला. मग नवीन पाकीट येतं, दोन केस बऱ्या जातात आणि परत तेच. मला मनापासून सांगायचंय की इन्गॉटवर संशय अगदी शेवटी घ्या. रंग कुठल्या टप्प्यावर बदलला आणि तो ठिपका आहे की पट्टा आहे की अख्खा क्राऊनच उतरलाय, एवढ्या दोन गोष्टी कळल्या की अर्धं कारण हातात येतं.

मी इथे बोलतेय ते लिथियम डायसिलिकेटबद्दल, म्हणजे बहुतेक ठिकाणी ई.मॅक्स प्रेस किंवा त्याच जातीचं दुसऱ्या कंपनीचं मटेरियल. जिथे आकडे देतेय ते ई.मॅक्सच्या पद्धतीचे आहेत, तुमचं मटेरियल दुसरं असेल तर त्याचा चार्ट काढून ताडून बघा.

पहिलं काम, फोटो. प्रत्येक केसचा नाही जमला तरी ज्या केसमधे त्रास होतोय त्यांचा तरी. बीड (बारीक मणी) मारून रिंग मोकळी झाल्यावर एक, कट बॅक (वर थर द्यायला घासून जागा करणं) किंवा फिनिशिंग झाल्यावर एक, स्टेन ग्लेझनंतर एक आणि रंगीत डायवर (घासलेल्या दाताच्या प्रतिकृतीवर) बसवून एक. दरवेळी शेजारी तोच शेड टॅब (रंगाचा नमुना दात), तोच उजेड, मागे तोच करडा कागद. आणि हे फार जण विसरतात, ब्लास्ट केलेला क्राऊन कोरडा बघून शेड ठरवू नका, तो पृष्ठभाग खरखरीत असल्यामुळे पांढुरका दिसतोच, त्यावर पाण्याचा नाहीतर ग्लिसरीनचा थेंब लावा आणि मग बघा, खरा रंग तेव्हा दिसतो. नाहीतर होतं काय, कोरडा क्राऊन पांढरा वाटला म्हणून आपण जास्त स्टेन चढवतो, ग्लेझ झाल्यावर व्हॅल्यू (उजळपणा) खाली जाते आणि मग म्हणतो ग्रे आला.

आता ठिपक्यांकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त डोकं खाणारे तेच.

ठिपका दिसला की मोबाईलचा टॉर्च क्राऊनच्या आतून लावा आणि लूपमधून बघा. ठिपका वरवरचा असेल तर क्राऊन थोडा फिरवला तरी तो पृष्ठभागाला चिकटून राहतो, आत खोल असेल तर तुम्ही डोकं हलवलं की तो वरच्या टेक्सचरच्या मागे सरकताना दिसतो. मग बारीक डायमंडने, पाणी सोडून, हलक्या हाताने त्या जागी थोडं घासा. गेला तर वरची घाण. घासताना मोठा होत गेला तर तो प्रेसिंगच्या वेळीच आत गेलाय आणि त्या क्राऊनवर अजून वेळ घालवू नका, नवीन वॅक्सअप (मेणाचा नमुना) घ्या. स्टेनने झाकायचा मोह होतो, पण आत गडद कण असला की वर काहीही लावा, उजेडात तो सावलीसारखा राहतोच, आणि जिथे कण आहे तिथे मजबुतीही गेलेली असते.

आत गेलेला काळा किंवा करडा कण बहुतेक वेळा बर्नआउट पूर्ण न झाल्याचा असतो. मेण जळून पूर्ण उडून जायला पाहिजे, ते अर्धवट जळलं की कार्बन मोल्डच्या भिंतीला राहतो आणि वितळलेलं सिरॅमिक त्याला घेऊन आत घुसतं. बर्नआउट फर्नेस ८५० अंशांवर आहे असं डिस्प्ले म्हणतो, पण एकाच वेळी चार रिंगा कोंबल्या, दार दोनदा उघडलं, की आत ८५० राहत नाही आणि हवाही पुरत नाही. रिंग मागच्या भिंतीकडे ठेवा, थोडी कलती, तोंड खाली, म्हणजे मेण वाहून बाहेर पडतं. १०० ग्रॅमच्या रिंगला फर्नेस परत ८५० ला पोचल्यानंतर साधारण तास आणि २०० ग्रॅमच्या रिंगला दीड तास धरा. आपल्याकडे मधेच लाईट जाते हा वेगळा ताप, लाईट गेली आणि परत आली तर ती वेळ मोजणीत धरू नका, परत तापमान गाठल्यापासून मोजा. पण स्पीड इन्व्हेस्टमेंटची (इन्व्हेस्टमेंट म्हणजे साच्याचं मटेरियल) रिंग मधेच पार थंड झाली असेल तर तिच्यात बारीक तडे गेलेले असू शकतात, ती रिंग मी वापरणार नाही.

मेण कुठलं वापरताय हेही बघा. ऑरगॅनिक मेण असलं पाहिजे, जळल्यावर राख न ठेवणारं. कास्टिंगसाठी आणलेलं स्वस्तातलं गडद रंगाचं मेण निकल क्रोमला चाललं म्हणून प्रेसला चालेलच असं नाही, धातूच्या कोपिंगमधे (आतल्या टोपीत) राखेचा कण कोणाला दिसत नाही, इथे तो काचेत अडकल्यासारखा दिसतो.

आणि हल्ली ज्यांचे ठिपके अचानक सुरू झालेत त्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते, वॅक्सअप हाताने करताय की प्रिंट करताय? प्रिंटरचं कास्टेबल रेझिन मेणासारखं वितळून वाहत नाही. ते आधी फुगतं आणि मग जळतं. सरळ ८५० च्या फर्नेसमधे टाकलं तर फुगताना इन्व्हेस्टमेंटला बारीक तडा देतं, त्या तड्यातले तुकडे सिरॅमिकमधे जातात, आणि जाड भाग असेल, समजा मोलरचा कस्प, तर मधलं रेझिन पूर्ण जळतही नाही. रेझिनच्या कंपनीने हळू बर्नआउटचं शेड्यूल दिलेलं असतं, ते वाचा आणि ते तुमच्या इन्व्हेस्टमेंटला चालतं का तेही वाचा, दोन्ही जुळले पाहिजेत. प्रिंट धुवून, वाळवून आणि कंपनी सांगते तेवढा पोस्ट क्युअर देऊनच लावा, ओलसर चिकट प्रिंट जास्त घाण सोडतो. प्रिंटच्या बाहेरून मेणाचा पातळ थर दिला तर फायदा होतो, मेण आधी वितळून जातं आणि रेझिनला फुगायला थोडी जागा मिळते.

ठिपका काळा नाही, पांढुरका किंवा बिस्किटी रंगाचा आहे? मग तो इन्व्हेस्टमेंटचाच तुकडा आहे. स्प्रू (सिरॅमिक आत यायची वाट) जिथे जोडलाय तिथे टोकदार कडा राहिली की सिरॅमिक दाबाने येताना ती कड तोडून घेऊन जातं. जोड गोल करा, स्प्रू सिरॅमिकच्या प्रवाहाच्या दिशेने लावा, जाड भागात लावा, अडीच ते तीन मिलिमीटर जाडीचा. मिक्सिंग बाऊल वेगळा ठेवा, प्लास्टरच्या बाऊलमधे फॉस्फेट इन्व्हेस्टमेंट कालवू नका, प्लास्टरचे कण सेटिंग बिघडवतात आणि भिंत ठिसूळ होते. एप्रिल मे मधे विदर्भ मराठवाड्यातल्या लॅबमधे हा त्रास वाढतो कारण पावडर आणि लिक्विड दोन्ही तापलेले असतात, भराभर सेट होतं, बारीक मार्जिनपर्यंत नीट पोचतच नाही. पावडर लिक्विड थंड जागी ठेवा, वीस बावीस अंशांच्या आसपास असताना कालवा.

प्लंजरचं, म्हणजे सिरॅमिक दाबणाऱ्या दांड्याचं, थोडक्यात. ई.मॅक्सला इन्गॉट थंड आणि अ‍ॅलॉक्स प्लंजरही थंडच टाकायचा. सेपरेटरमधे बुडवून झटका, ढीग राहिला तर तो आत जातो. मागच्या प्रेसचं सिरॅमिक प्लंजरला चिकटलेलं असेल तर घासून साफ करा. आणि प्रेसनंतर उरलेलं सिरॅमिकचं बटन परत प्रेस करू नका, पैसे वाचतात असं वाटतं पण कंपनी स्पष्ट नाही म्हणते, आणि रंगाची तर काही खात्रीच राहत नाही.

आता अख्खा क्राऊन पांढुरका, खडूसारखा येतो त्याबद्दल. तापमान जास्त झालं की सिरॅमिक आणि इन्व्हेस्टमेंटमधला रिअ‍ॅक्शन लेयर जाड होतो. ई.मॅक्सचं प्रेसिंग ९०० ते ९३० अंशांच्या दरम्यान होतं, नेमका आकडा फर्नेस, रिंग आणि इन्गॉटप्रमाणे बदलतो. फर्नेस दहा पंधरा अंशांनी चढ दाखवत असेल तर थर जाड होणारच. चांदीच्या तारेचं कॅलिब्रेशन वेळच्या वेळी करा, चांदी ९६२ अंशांना वितळते, त्यामुळे हा पक्का आधार आहे. थर काढायला इन्व्हेक्स लिक्विड, त्यात १ टक्क्याहून कमी हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं, क्राऊन पूर्ण बुडलेला पाहिजे, अल्ट्रासोनिकमधे किमान दहा मिनिटं, फार तर तीस. मग पाण्याने धुवून, वाळवून, अ‍ॅल्युमिना १ ते २ बार प्रेशरने. थर आतल्या बाजूला राहिला तर नुसता रंग नाही, बाँडिंगही जातं. हातमोजे आणि चष्मा घाला, अ‍ॅसिड कमी टक्क्याचं आहे म्हणून हलक्यात घेऊ नका, कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लॅबमधे असलंच पाहिजे. ज्या लॅबमधे हे जेल नाही तिथे इन्व्हेक्सची बाटली उघडूच नये असं माझं ठाम मत आहे.

पुढचा टप्पा, ग्लेझनंतर ग्रे. इथे प्रेसिंगचा काही संबंध नाही, ग्लेझच्या आधीचा फोटो चांगला आहे ना, मग प्रेस फर्नेसकडे बघूच नका.

सगळ्यात साधं कारण घाई. ग्लेझ पेस्ट आणि स्टेनच्या लिक्विडमधे सेंद्रिय पदार्थ असतात, ते फर्नेसचं तोंड बंद व्हायच्या आधी वाफ होऊन जळून गेले पाहिजेत. क्लोजिंग टाईम (तोंड हळूहळू बंद व्हायला दिलेला वेळ) कमी केला, संध्याकाळी डिलिव्हरीचा मुलगा दारात उभा आहे म्हणून सहा मिनिटांचं दोन मिनिटांवर आणलं, तर तो धूर मफलमधे (फर्नेसच्या आतल्या तापणाऱ्या भागात) कोंडतो, वरून ग्लेझ वितळून काच होते आणि कार्बन खाली अडकतो. असा ग्रे ढगासारखा दिसतो, विशेषतः ग्रूव्हमधे आणि जिथे ग्लेझ जाड बसलंय तिथे जास्त. स्टँडबाय तापमान सुमारे ४०३ अंश, क्लोजिंग साधारण सहा मिनिटं, क्राऊन मोठा किंवा ट्रेवर जास्त युनिट असतील तर वाढवा.

दुसरं कारण पाणी. जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत, गोव्यात ज्यांची लॅब आहे त्यांनी हे नीट वाचा. फर्नेसचं डोकं रात्रभर उघडं ठेवलं की मफलचं इन्सुलेशन हवेतला ओलावा पितं, व्हॅक्यूमच्या नळीत पाणी साठतं, पंप पूर्ण खेचत नाही आणि सिरॅमिकमधे बारीक बुडबुडे राहतात. बुडबुडे डोळ्याला वेगळे दिसत नाहीत, क्राऊन धुरकट, निर्जीव ग्रे दिसतो. लेअरिंग केलेल्या केसमधे हे जास्त उघडं पडतं. रात्री फर्नेस बंद करताना डोकं खाली, सकाळी पहिली केस लावायच्या आधी ड्रायिंग प्रोग्रॅम चालवा, नळी काढून झटका. कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणीही रोज सोडा, त्या हवेतून तेलाचा आणि पाण्याचा फवारा क्राऊनवर येत असतो आणि आपण त्याच हवेने सुकवतो. पांढऱ्या कागदावर दहा सेकंद हवा मारा, डाग पडला तर कारण सापडलं.

तिसरं, मफलमधली धातूची घाण. बहुतेक लॅबमधे पीएफएम (धातूवर सिरॅमिक) आणि प्रेस एकाच सिरॅमिक फर्नेसमधे होतं, दुसरा फर्नेस घ्यायला प्रत्येकाला परवडत नाही हे मला माहितीये. चांदी असलेला अ‍ॅलॉय, म्हणजे पॅलेडियम सिल्व्हर, भाजला की चांदीची वाफ मफलमधे बसते आणि पुढच्या सिरॅमिकला पिवळट हिरवट झाक देते. निकल क्रोमचा प्रकार वेगळा, तिथे ऑक्साईड ट्रेवर आणि पेगवर (क्राऊन धरणाऱ्या खुंटीवर) बसतं आणि तिथून क्राऊनच्या आतल्या बाजूला येतं. प्रेसचे पेग आणि हनीकोंब ट्रे वेगळे ठेवा, त्यांवर खूण करा.

ओलावा आणि मफलची घाण ह्या दोघांतला फरक ओळखायची एक चाचणी आहे, ती मला फार आवडते. क्लिअर किंवा ट्रान्सपरंट पावडरचा एक छोटा चौकोनी तुकडा बनवा, कडा धारदार ठेवा, स्वच्छ ट्रेवर एकटा ठेवून त्या पावडरच्या चार्टप्रमाणे भाजा. बाहेर आल्यावर पांढऱ्या कागदावर ठेवून बघा. स्वच्छ पारदर्शक, कडा किंचित गोल, म्हणजे फर्नेस ठीक. धुरकट आला तर व्हॅक्यूम किंवा ओलावा. पिवळट हिरवट आला तर मफल घाण आहे. कडा धारदारच राहिल्या तर तापमान कमी, वितळून थेंब झाला तर जास्त. एका तुकड्यात चार उत्तरं मिळतात. हा तुकडा, म्हणजे चाचणीचं बटन, तारीख टाकून डबीत ठेवा, पुढच्या वेळी शेजारी ठेवून ताडता येतं. मफल घाण निघाला तर रिकाम्या फर्नेसमधे व्हॅक्यूम न लावता उच्च तापमानाचा प्युरिफाय प्रोग्रॅम चालवा आणि परत बटन भाजा. बटन साफ येईपर्यंत प्रेसची केस त्यात घालू नका.

फिनिशिंगच्या टेबलावरची घाण हा वरवरच्या ठिपक्यांचा बाप आहे. निकल क्रोमवर फिरवलेला स्टोन प्रेसवर फिरवला की धातूचे कण खरखरीत पृष्ठभागात रुततात. धुतले तरी निघत नाहीत, ग्लेझच्या आधी दिसतही नाहीत, ग्लेझनंतर काळे हिरवे टिंब उगवतात. तीच गोष्ट रिसायकल सँडब्लास्टरची, त्या वाळूत धातूही असतो आणि जुनी इन्व्हेस्टमेंटही. प्रेससाठी पेन्सिल नळीवाला ब्लास्टर आणि एकदाच वापरायची कोरी वाळू. काँटॅक्ट बघायला शिसपेन्सिल वापरणारे अजून भेटतात, ग्राफाईट क्राऊनवर चालणार नाही. ऑक्लूड स्प्रे (काँटॅक्ट दाखवणारा रंगीत फवारा) वापरला असेल तर स्टीमने आतून बाहेरून साफ करून मगच स्टेन. बोटाचं तेलही पुरतं, म्हणून स्टीम झाल्यावर चिमट्यानेच धरा.

फायरिंग किती वेळा झालं हेही जॉब कार्डवर लिहा. थोडी शेड करेक्ट करू, अजून एकदा टाकू, असं करत पाच सहा फायरिंग झाले की रंग सरकतो, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो, टेक्सचर जातं आणि अशा क्राऊनला डॉक्टर ग्रेच म्हणणार.

आता लॅबमधे सगळं बरोबर आणि तोंडात ग्रे. हा माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा येणारा आणि सगळ्यात कमी तपासला जाणारा प्रकार.

पुढचा दात, रूट कॅनल झालेला, आत धातूचा पोस्ट, प्रिस्क्रिप्शनवर फक्त ए२. आपण एलटी (कमी पारदर्शक) इन्गॉट घेतो, हस्तिदंती डायवर छान ए२ दिसतो, आणि तिकडे खाली काळपट स्टंप (क्राऊनसाठी घासलेला दात) आहे, तो जाणारच वर. असा फोन आला की मी डॉक्टरांना एवढंच म्हणते, "डॉक्टर, स्टंपचा फोटो पाठवा ना, शेजारी टॅब धरून." फोटो आला की दोघांनाही एका मिनिटात कळतं, वाद होतच नाही. स्टंप शेड एनडी१ ते एनडी९ गाईडवर घेतात, त्याच शेडचं डाय मटेरियल भरून डाय बनवा आणि त्यावर क्राऊन बघा. एनडी८ एनडी९ सारखा गडद स्टंप असेल किंवा टायटॅनियमचा अबटमेंट (इम्प्लांटवरचा खुंट) असेल तर एचटी (जास्त पारदर्शक), एलटी बाजूला ठेवा, एमओ किंवा एचओ (अपारदर्शक) कोपिंगवर लेअरिंग घ्या. फारच काळा असेल तर डॉक्टरांना पोस्टवर ओपेक कंपोझिट लावायला सांगा, नाहीतर झाकणारी झिरकोनिया घ्या. प्रेसचा हट्ट धरू नका, पेशंटला दात बरा दिसायला हवाय.

गेजने जाडी मोजा. मानेजवळ ०.७ मिलिमीटर असेल तर कुठलाही एलटी गडद स्टंप झाकणार नाही. डॉक्टरांनी प्रेप (दात घासणं) कमी केलंय हे सांगायला संकोच वाटतो, पण आकडा सांगितला की वाईट वाटत नाही. "मॅडम, बकल सर्व्हायकलला ०.७ मिळतेय, अजून तीन पॉईंट (०.३ मिलिमीटर) मिळाले तर शेड येईल" असं म्हटलं की बहुतेक डॉक्टर परत प्रेप करून पाठवतात. ओपेक सिमेंट सगळं झाकेल ह्या भरवशावर राहू नका, सिमेंटचा थर इतका पातळ असतो की तो थोडीफार व्हॅल्यू हलवतो, काळा रंग नाही लपवत. ट्राय इन पेस्ट लावून बघायला सांगा, कोरडा किंवा नुसत्या थुंकीवर बसवून बघितलेला क्राऊन आणि सिमेंट केलेला क्राऊन एकसारखे दिसत नाहीत. शेड घेताना दात ओला हवा आणि ती प्रेपच्या आधी घ्यावी, कॉटन रोल लावून तोंड उघडं ठेवलं की दात वाळून पांढरा दिसतो आणि आपल्याला उजळ शेड येते.

काही महिन्यांनी रंग बदलला तर तो बहुतेक सिरॅमिकचा नसतोच. ड्युअल क्युअर सिमेंटमधल्या अमाईनमुळे पातळ व्हिनिअरखाली पिवळेपणा येतो, म्हणून पुढच्या पातळ कामाला लाईट क्युअर किंवा अमाईन नसलेलं सिमेंट बरं. मार्जिनला काळी सावली, हिरडीजवळ, तर फेरिक सल्फेट आठवा. रक्त थांबवायला लावलेलं ते नीट धुतलं गेलं नाही तर लोहाचे डाग क्राऊनखाली उतरतात. अ‍ॅल्युमिनियम क्लोराईडने हा त्रास येत नाही. तपकिरी रेघ असेल तर पेशंटला मिश्री, तंबाखू, पान, क्लोरहेक्सिडीनचा माऊथवॉश ह्याबद्दल विचारायला सांगा, लाजून सांगत नाहीत, विशेषतः घरातल्या मोठ्या बायका मिश्रीबद्दल. हे डाग पॉलिशने जातात. पण परत परत त्याच जागी येत असतील तर डॉक्टरांनी हाय पॉईंट (चावताना उंच लागणारी जागा) काढून तिथे नुसता बर फिरवून सोडलाय का बघा, ग्लेझ निघालेली खरखरीत जागा चहासुद्धा धरते, तिथे सिरॅमिकच्या रबराने टप्प्याटप्प्याने पॉलिश हवं. आणि ज्यांच्या तोंडात प्रेस क्राऊन आहेत त्यांना अ‍ॅसिड्युलेटेड फ्लोराईड जेल लावू नये, ते ग्लेझ खातं, न्यूट्रल सोडियम फ्लोराईड वापरावं.

कोणाला आपली केस विचारायची असेल तर नुसतं "ग्रे येतोय" लिहू नका. इन्गॉटचं नाव आणि शेड, मेण की प्रिंट, रिंग किती ग्रॅमची, बर्नआउट किती वेळ, ग्लेझचा क्लोजिंग टाईम, त्याच फर्नेसमधे पीएफएम होतं का, मानेजवळची जाडी आणि स्टंपचा फोटो, एवढं टाका, त्यावर नेमकं काहीतरी सांगता येईल.